चाकातला सेन्सर आणि माझा डावा कान

डाव्या कानाने मला ऐकू येत नाही, हे मी जवळजवळ दोन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. आमगावहून सालेकसाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं टायरचं दुकान आहे. पंचवीस वर्षं तिथे मी काँप्रेसरच्या शेजारी उभा राहिलो, ट्रकच्या रिमांवर घण मारले. कान एका दिवसात गेला नाही. एखादा माणूस रोज थोडा थोडा लांब जाऊन बोलत असावा, तसा तो गेला.

टायरचं काम हातांचं वाटतं, पण अर्धं काम कानाचं असतं. नवा टायर रिमवर चढवून हवा भरली की त्याची कड खाचेत बसताना दोन दणके होतात, एक आतल्या बाजूचा आणि एक बाहेरच्या. दुसरा दणका ऐकल्याशिवाय हवा बंद करायची नाही, हे मी माझ्या उस्तादाकडे शिकलो. बारीक पंक्चर मी चाक कानाशी फिरवून, पाण्यात न बुडवता सांगायचो. लोक त्याचं कौतुक करायचे. त्यामुळे कान गेला म्हणजे धंद्यातली माझी पत गेली, असं मला वाटत होतं.

मग मी मान हलवायला शिकलो. गिऱ्हाईक डावीकडून काही बोललं की त्याचे ओठ हलताना दिसत. "काय म्हणता?" असं एकदा विचारता येतं. दोनदा विचारलं की माणूस ओरडून बोलतो आणि आजूबाजूचे हसतात. त्यापेक्षा मान हलवून कामाला लागणं सोपं. टायरच्या दुकानात लोक बोलून बोलून काय बोलणार? लवकर करा, हवा बरोबर भरा, जुने टायर डिक्कीत टाका. बहुतेक वेळा निभून जायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर एक मॅडम आल्या. दरेकसाच्या पलीकडच्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत. वय चाळिशीच्या आतलं. गाडी जुनी, पण चांगली ठेवलेली होती. नागपूरच्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेली. मागच्या काचेवर पांढऱ्या अक्षरांत 'जय भीम' लिहिलेलं होतं. चारही टायर गुळगुळीत झाले होते आणि पावसात जंगलाच्या रस्त्याने जायचं म्हणून त्या चारही बदलायला आल्या होत्या.

मी जॅक लावला. पहिलं चाक काढलं. काँप्रेसर चालू होता. मॅडम माझ्या डाव्या खांद्याशी येऊन काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, गोंदियाला जायची घाई आहे म्हणत असतील. मी मान हलवली. त्यांनी आणखी एक वाक्य टाकलं आणि बोटाने चाकाकडे दाखवलं. मी पुन्हा मान हलवली. त्या समाधानाने जाऊन बाकावर बसल्या.

हल्लीच्या काही गाड्यांच्या चाकांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. काड्यापेटीएवढी प्लास्टिकची डबी, व्हॉल्वच्या आतल्या टोकाला लावलेली. टायरमध्ये हवा कमी झाली की ती डबी गाडीला कळवते आणि चालवणाऱ्यासमोर पिवळा दिवा लागतो. टायर रिमपासून सोडवताना यंत्राचं लोखंडी पातं व्हॉल्वजवळ दाबलं तर ती फुटते, म्हणून व्हॉल्व पात्यापासून लांब ठेवायचा असतो. हे मला माहीत होतं. असे सेन्सर मी आधी हाताळले होते. काही गाड्यांत व्हॉल्व धातूचा असतो, तो पाहूनच कळतं. या गाडीचे व्हॉल्व साध्या रबराचे दिसत होते. मी नेहमीसारखं चाक यंत्राला टेकवलं आणि पाय दाबला.

डबी फुटल्याचा आवाज झाला असणार. मला तो आला नाही. टायर उतरवला तेव्हा रिमच्या कडेला काळ्या प्लास्टिकचा तुकडा लोंबताना दिसला. मी बाकाकडे पाहिलं. मॅडम फोनवर बोलत होत्या.

तेव्हा उठून सांगायला हवं होतं. सेन्सर काही फार मोठी वस्तू नव्हती, मी तो भरून दिला असता. पण सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कसा फुटला? आवाज नाही आला का? त्या प्रश्नापाशी माझे पाय अडकले. फुटलेला सेन्सर मी नटांच्या डब्यात टाकला, त्याच्या जागी साधा व्हॉल्व बसवला आणि टायर चढवून टाकला. उरलेली तीन चाकं मी इतकी जपून सोडवली की दुसरं गिऱ्हाईक वैतागून निघून गेलं. शेवटी हवेच्या गनने सगळे नट आवळले. नट पुरेसे आवळले गेले की गनचा आवाज बदलतो. तो बदल मला नीट कळत नव्हता, म्हणून मी अलीकडे गन जरा जास्तच वेळ दाबून धरायचो.

मॅडम पैसे देऊन निघाल्या आणि पंधरा मिनिटांत परत आल्या.

"हा दिवा काऊन लागला जी? येताना नव्हता."

या वेळी त्या उजवीकडे उभ्या होत्या. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"एका सेन्सरची बॅटरी गेली मॅडम," मी म्हणालो. "जुन्या गाडीत जाते. ती बदलता येत नाही. आता हा दिवा असाच राहीन. तुमी लक्ष देऊ नका."

"काही धोका नाही ना?"

"काही नाही. पहिलेच्या गाड्यांत कुठं होते सेन्सर?"

खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी अडखळलो नाही. कारण मी बोललो त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खरीच होती. बॅटरी जाते, ती बदलता येत नाही, पहिलेच्या गाड्यांत सेन्सर नव्हते. फक्त त्यांच्या गाडीच्या बाबतीत ते खरं नव्हतं. त्यांनी मान डोलावली आणि माझ्यावर विश्वास ठेवून त्या गेल्या.

पोळा होऊन गेल्यावर, धान गर्भावर आलं होतं तेव्हा, एका दुपारी ती गाडी पुन्हा दुकानासमोर थांबली. मॅडमनी डिक्की उघडली. आत एक टायर होता, मीच बसवलेला. बाजूच्या भिंती चुरगळून त्यातला धागा बाहेर आलेला. हवा नसताना चाक खूप वेळ फिरलं की टायरची अशी गत होते.

"काय झालं जी?" मी विचारलं.

त्यांनी बाकावर बसून सांगितलं. मी उजवा कान त्यांच्याकडे करून समोर बसलो.

त्यांची धाकटी बहीण त्यांच्याजवळ राहते. शिवणकाम करते, गावातल्या मुलींना शिकवते. तिला सिकलसेल आहे, लहानपणापासून. आमच्या भागात हा आजार घराघरांत माहीत आहे. थंडी लागली, ताप आला, शरीरात पाणी कमी पडलं की रक्त अडतं आणि हाडांत अशी कळ उठते की माणूस गुरासारखा ओरडतो. मॅडमनी लग्न केलं नाही, आणि गाडी घेतली ती बहिणीसाठीच. कळ उठली की तिला मागच्या सीटवर झोपवून तडक गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं.

दोन आठवड्यांपूर्वी सकाळी दहाच्या सुमारास तशी कळ उठली. पावसाची झड लागलेली. मॅडम बहिणीला घेऊन निघाल्या. दरेकसा सोडल्यावर जंगलाच्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढायला लागली.

"मले वाटलं रस्ताच खराब आहे," त्या म्हणाल्या. "खड्डे किती आहेत तुमाले माहीत आहे. मागं ती रडून राहिली होती. दिवा तं पहिलेपासूनच लागून होता, त्याच्याकडे कायले पाहीन मी?"

डाव्या बाजूच्या पुढच्या चाकात खिळा घुसला होता. हवा निघता निघता चाक पार बसलं तेव्हा त्या थांबल्या. फोनला रेंज नव्हती. स्टेपनी होती, जॅक होता, चाक बदलणं त्यांना येत होतं. पण नट सुटेनात.

"इतके आवळले होते भाऊ, का पान्यावर उभी राहून उड्या मारल्या मी. एक नाही हालला."

बहीण गाडीत कण्हत होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. बऱ्याच वेळाने निंदणाला चाललेल्या दोन बाया डोक्यावर प्लास्टिकच्या घोंगड्या घेऊन आल्या. आपसांत गोंडी बोलत होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. तिघी एकमेकींचे खांदे धरून एका पान्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा पहिला नट कुरकुरला. असे चार नट. दीड तास गेला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग गेलो. भरती केलं. रक्त दिलं. अकरा दिवस होती. आता घरी आहे, पण उजव्या पायावर भार देता येत नाही. खुब्याचं हाड खराब झालं म्हणते."

"उशीर झाला म्हणून?"

"डॉक्टर म्हणे तसं नाही. हाड आधीपासूनच खराब होत आलं असन म्हणे, या आजारात होते. मी एकदाच पुसलं. दुसऱ्यांदा नाही पुसलं."

त्यांनी डिक्कीतल्या टायरकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "तुमी त्या दिव्याचं काही करून द्या. बॅटरी बदलत नसन तं पूर्ण सेन्सर बदला. पुन्हा असं नको."

त्यांना अजूनही संशय नव्हता. मी "हो, मागवतो" एवढं म्हणून गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच मिटली असती. मला त्या क्षणी काय झालं हे नीट सांगता येत नाही. धैर्य वगैरे नव्हतं. पान्यावर उभ्या असलेल्या तीन बाया डोळ्यांसमोरून हलेनात, एवढं खरं.

"बॅटरी गेली नव्हती मॅडम," मी म्हणालो. "सेन्सर माझ्या हातून फुटला. मी तुमाले खोटं सांगतलं. नट पण मीच जास्त आवळले."

मी पुढे बोलत गेलो. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आवाज आला नाही, चाकात सेन्सर आहे हे कळलंच नाही, असं सगळं.

"कळलंच नाही कसं?" त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगतलं होतं ना तुमाले. इथं, या जागी उभी राहून. चाकात सेन्सर आहेत, व्हॉल्वपाशी सांभाळून खोला. दोनदा सांगतलं. तुमी दोन्ही वेळा मान हालवली."

ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला समजावत होतो की त्या गाडीत सेन्सर आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडम उठल्या. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "ऐकू आलं नाही म्हणून सांगतलं असतं तं मी पुन्हा बोलली असती. तुमचा कान गेला यात तुमचा काय गुन्हा आहे?" मग गाडीत बसताना म्हणाल्या, "सेन्सर मागवा. आला का फोन करा."

सेन्सर नागपूरहून यायला आठवडा लागला. पण तो नुसता बसवून चालत नाही, गाडीला त्याची ओळख करून द्यावी लागते, आणि त्याचं यंत्र आमगावात कुणाकडे नव्हतं. गोंदियात एका मोठ्या दुकानात होतं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, शनिवारी बहिणीला दवाखान्यात दाखवायचं आहेच, तुम्ही सोबत चला. मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

बहीण मागच्या सीटवर आडवी टेकून बसली होती. तिशीची असेल. अंगाने बारीक, डोळ्यांत किंचित पिवळी झाक. कुबडी सीटच्या खाली ठेवलेली. मॅडमनी तिला सगळं सांगितलेलं होतं, हे तिने माझ्याकडे ज्या तऱ्हेने पाहिलं त्यावरून कळलं. मी म्हणालो, "ताई, माझ्याकडून चूक झाली." तिने ओढणी गळ्याशी ओढून घेतली.

आमगाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना धानाची शेतं, बांध्या पाण्याने भरलेल्या, वर ढग. मी माझ्या बाजूची काच खाली केली होती. मला गाडीत गुदमरतं. थोड्या वेळाने मागून काहीतरी आवाज आला. बहीण बोलली होती. उघड्या काचेतला वारा उजव्या कानातही घोंघावत होता. मला एक अक्षर कळलं नाही. आणि माझी मान हलली. आपोआप.

मॅडमनी रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

मी मागे वळलो. "ताई, मले ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

"काच वर करा म्हणलं," ती म्हणाली. "मले थंडी चालत नाही."

मी काच वर केली. एवढंसं बोलणं. मान हलवून मी तसाच बसून राहिलो असतो, आणि तिनेही भीड धरून पुन्हा सांगितलं नसतं, तर?

गोंदियाच्या दुकानाचा मालक सगळ्या गोंदियासारखा हिंदीत बोलणारा. त्याने चाक उतरवलं, आतला साधा व्हॉल्व पाहिला आणि मॅडमना म्हणाला, "पुराना सेन्सर टायर खोलते टाइम टूटा होगा मैडम। जिसने खोला उसने बताया नहीं आपको?"

मॅडम गप्प राहिल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला वाचवायला त्या गप्प राहिल्या, आणि ते मला सहन झालं नाही.

"मैंने खोला था," मी म्हणालो, आणि खिशातून फुटलेला सेन्सर काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यावरचा नंबर नव्या सेन्सरला देता येतो म्हणून मी तो नटांच्या डब्यातून शोधून आणला होता.

मालक ओशाळला. "अरे, हो जाता है भाई। हमारे यहाँ भी टूटते हैं।"

"टूटना हो जाता है," मी म्हणालो. "मैंने बताया नहीं था।"

तो कामाला लागला. सेन्सर बसवला, टायर चढवला, खराब टायरच्या जागी मी आणलेला नवा टायर चढवून स्टेपनी उतरवली, हातातलं छोटं यंत्र चारही चाकांजवळ नेऊन फिरवलं. मॅडमनी गाडी सुरू केली. पिवळा दिवा क्षणभर लागला आणि विझला. नट आवळायची वेळ आली तेव्हा मी मालकाला थांबवलं आणि हाताच्या पान्याने ते स्वतः आवळले. मग मॅडमना पाना दिला आणि म्हणालो, "सोडवून पाहा." त्यांनी एक नट सोडवला, पुन्हा आवळला. "सुटते," एवढंच म्हणाल्या.

त्या रात्री जेवताना मी बायकोला कानाचं सांगितलं. तिने हातातला घास ताटात ठेवला.

"किती दिवसांपासून?"

"दोन वर्षं होत आली."

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मले वाटे, तुमाले माह्याशी बोलाचंच नाही. मी बोलत जाये आणि तुमी नुसती मान हालवत जा. माह्याकडून काय चुकलं, हेच पाहून राहिली होती मी."

ती जेवताना नेहमी माझ्या डावीकडे बसते. लग्नापासून. तिच्या मनात दोन वर्षं हे चाललं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. त्या रात्री ती उठून माझ्या उजवीकडे येऊन बसली आणि आम्ही उशिरापर्यंत बोलत राहिलो. बरंचसं तीच बोलली. मागच्या दोन वर्षांतल्या कितीतरी गोष्टी मला पहिल्यांदा कळल्या. तिच्या भावाची जमीन विकली गेली, हेसुद्धा.

पुढच्या आठवड्यात तिच्यासोबत गोंदियाला जाऊन कान तपासले. गेलेलं परत येणार नाही, उजवा जपा, असं डॉक्टर म्हणाले. कानाचं यंत्र मिळालं. त्याने आवाज येतात, पण सगळेच एकदम येतात, काँप्रेसर आणि माणूस एकाच मापाचे. दुकानात मी काँप्रेसर आता भिंतीपलीकडे हलवला आहे. काम हातात घेण्याआधी तो बंद करतो आणि गिऱ्हाइकाला म्हणतो, मला कमी ऐकू येतं, उजवीकडून सांगा. काही जण हसतात. दोघे-तिघे दुसऱ्या दुकानात गेले. बाकीचे उजवीकडे येऊन सांगतात.

मॅडम मधूनमधून हवा भरायला थांबतात. मला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि मी विचारलं नाही. मागच्या महिन्यात आल्या तेव्हा बहीण सोबत नव्हती. मी तिची चौकशी केली. खुब्याचं ऑपरेशन नागपूरला करावं लागेल, पण रक्त वाढल्याशिवाय करता येत नाही, म्हणून डॉक्टर थांबले आहेत, असं त्या म्हणाल्या. शिलाई मशीनचा पायडल डाव्या पायाने चालवायला ती शिकते आहे.

"जमते का?" मी विचारलं.

"टाके वाकडे येतेत अजून," त्या म्हणाल्या. "पोरींले ते उसवाले लावते, आणि पुन्हा शिवते."

मी चारही चाकांतली हवा पाहिली. एकात थोडी कमी होती, तेवढी भरली. त्यांनी गाडी सुरू केली आणि त्या शाळेच्या वाटेने निघून गेल्या.